कर्नलमधला बग: आधी पुरावा, मग पॅच

(ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, अडखळणं तेवढं काढलंय.)

आज दिघीहून बोलतेय. श्रीवर्धन तालुक्यातलं, राजपुरी खाडीच्या तोंडावरचं दिघी. समोर आगरदांडा, पलीकडे जंजिरा. आजचा विषय मात्र पर्यटनाचा नाही. लिनक्स कर्नलमधले बग कोण शोधतं, कसे दुरुस्त करतं, आणि त्यात आपल्यासारख्यांना जागा आहे का, याबद्दल बोलूया.

आधी एक काम करा. ॲन्ड्रॉइड फोन असेल तर सेटिंगमध्ये जा, ‘अबाउट फोन’ उघडा आणि ‘कर्नल व्हर्जन’ शोधा. ५.१०, ५.१५, ६.१ असा काहीतरी आकडा दिसेल. तोच लिनक्स कर्नल. हेलसिंकीतल्या लिनस टॉर्व्हल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलेला. आयफोनवाल्यांनो, तुमचा कर्नल वेगळा, पण ऐका, कारण तुमचं बँकेचं ॲप पलीकडे ज्या सर्व्हरशी बोलतं, तिथे बहुतेक लिनक्सच असतो.

कर्नल म्हणजे फोनमधला व्यवस्थापक. कोणत्या ॲपला किती मेमरी, कोणाला कॅमेरा, कोणाला कोणती फाइल, सगळं तोच ठरवतो. ॲपमध्ये बग असला तर ॲप बंद पडतं. कर्नलमध्ये बग असला तर फोन बंद पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे फोन नीट चालत राहतो आणि आत भलताच कोणीतरी मालक होऊन बसतो.

एका बगची गोष्ट

उदाहरण घेऊया ‘डर्टी काऊ’चं. गाईशी संबंध नाही. ‘कॉपी-ऑन-राइट’ची आद्याक्षरं घेतली की ‘काऊ’ होतं, म्हणून ते नाव.

कॉपी-ऑन-राइट म्हणजे काय? तलाठी ऑफिसातला सातबारा डोळ्यांसमोर आणा. नियम असा धरूया की नुसता वाचायचा असेल त्याने मूळ कागद वाचावा. त्यावर काही लिहायचं असेल तर आधी झेरॉक्स काढून मिळेल, काय लिहायचं ते त्यावर लिहा. मूळ कागदाला पेन लागता कामा नये. कर्नल मेमरीच्या बाबतीत हेच करतो. एकच पान दहा जण वाचतात, कोणी लिहायला गेला की त्याला त्याची वेगळी प्रत.

आता घोळ बघा. मी ‘लिहायचंय’ अशी चिठ्ठी घेऊन गेले. आतल्या माणसाने झेरॉक्स काढली. झेरॉक्स तर झाली, आता ‘लिहायचंय’ हे लक्षात ठेवायची गरज नाही, म्हणून त्याने चिठ्ठीवरचा तो शब्द खोडला आणि मला खिडकीवर पाठवलं. मी खिडकीपर्यंत पोचायच्या आत माझ्याच साथीदाराने ती झेरॉक्स फाडून टाकली. खिडकीवरचा माणूस बघतो: झेरॉक्स नाही, चिठ्ठीवर ‘लिहायचंय’ पण नाही. म्हणजे हिला नुसतं वाचायचंय. तो मूळ कागद पुढे करतो. आणि माझ्या हातात पेन.

झालं! साध्या ॲपला जी फाइल फक्त वाचायची परवानगी होती, त्या फाइलमध्ये ते लिहू शकलं. ती फाइल सिस्टमची असेल तर पुढे अख्खं मशीन ताब्यात.

दुरुस्ती काय होती? ‘लिहायचंय’ हा शब्द खोडायचाच नाही. शेजारी दुसरी खूण करायची, ‘झेरॉक्स काढली’, आणि कागद हातात देताना तो खरंच झेरॉक्सच आहे ना हे तपासायचं. कोडच्या मोजक्या ओळी. ऑक्टोबर २०१६ मध्ये खुद्द टॉर्व्हल्ड्सनी ती दुरुस्ती केली.

पण गंमत पुढेच आहे. हाच बग त्यांनी ११ वर्षांपूर्वी, म्हणजे २००५ मध्ये दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता. त्या दुरुस्तीमुळे आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे एस३९० वर, अडचण आली आणि ती मागे घ्यावी लागली. तेव्हा वाटलं, इतकं अचूक टायमिंग प्रत्यक्षात कोणाला जमणार? मशीन वेगवान झाली, कर्नल बदलत गेला, आणि कागदावरची शक्यता खरी झाली. २००७ मध्ये आलेल्या २.६.२२ पासून पुढे नऊ वर्षं हे भोक उघडं होतं.

सापडलं कसं? फिल ओएस्टर नावाच्या माणसाच्या सर्व्हरवर कोणीतरी हे वापरून हल्ला केला. तो आपल्या सर्व्हरकडे येणारी सगळी वेब वाहतूक साठवून ठेवायचा. त्या साठ्यातून त्याला हल्ल्याचा प्रोग्रामच मिळाला. म्हणजे ‘माझं मशीन विचित्र वागतंय’ एवढी तक्रार नव्हती, पुन्हा चालवून दाखवता येईल असा पुरावा हातात होता. नऊ वर्षं जे कोणाच्या नजरेत आलं नव्हतं, ते त्यानंतर थोड्या दिवसांत दुरुस्त झालं.

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: कर्नलमध्ये वजन पुराव्याला आहे. तुमचं कॉलेज कोणतं, कंपनी कोणती, गाव कोणतं, हे नंतर. कित्येकदा ते कोणी विचारतही नाही.

बग पकडायचा कसा?

पहिली पायरी, बग परत घडवून दाखवणं. जो बग मागितल्यावर येत नाही, तो दुरुस्त झाला की नाही हे तरी कसं कळणार?

दुसरी पायरी, नेमका कोणत्या बदलामुळे आला ते शोधणं. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि प्रत्येक वेळी बारा-पंधरा हजार बदल आत जातात. मागच्या आवृत्तीत वाय-फाय चालत होतं, या आवृत्तीत बंद. पंधरा हजार बदल वाचत बसणार का? नाही. पावसात लाइन गेली की वायरमन काय करतो? प्रत्येक खांबावर चढत नाही. मधल्या खांबावर लाइन सोडवून बघतो, फॉल्ट अलीकडे की पलीकडे. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य. गिटमध्ये याला ‘बायसेक्ट’ म्हणतात. पंधरा हजारांचे दर वेळी अर्धे करत गेलात तर चौदा वेळा तपासून तुम्ही एका बदलाशी येऊन थांबता. चौदा वेळा कर्नल बांधायचा आणि मशीन चालू करून बघायचं. यात हुशारीपेक्षा चिकाटी जास्त लागते.

तिसरी पायरी, आत डोकावणं. इथे कर्नलची खास अडचण आहे. ॲप थांबवून बघता येतं, कारण खाली कर्नल चालू असतो. कर्नललाच थांबवलं तर स्क्रीनवर काही दाखवणार कोण? त्यावरचा एक उपाय म्हणजे दोन मशीन केबलने जोडायची, एकावर कर्नल थांबवायचा आणि दुसऱ्यावरून आत काय चाललंय ते बघायचं. या साधनाचं नाव केजीडीबी. आणि यात पुण्याचा हात आहे! मूळ काम आधीच्या काही जणांचं, पण २००० नंतरच्या दशकात पुण्याच्या लिनसिससॉफ्ट कंपनीचे अमित काळे यांनी ते सांभाळलं, वाढवलं. टॉर्व्हल्ड्सना कर्नलमध्ये डीबगर असणं फारसं पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, डीबगर हाताशी असला की लोक कोड समजून घ्यायचं सोडून वरवरची डागडुजी करतात. म्हणून केजीडीबी बरीच वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर, वेगळा पॅच म्हणून जगलं. शेवटी जेसन वेसल यांच्या प्रयत्नांनी २००८ मध्ये, २.६.२६ आवृत्तीत, ते आत आलं. आजही कर्नलच्या त्या फाइलच्या वर, कॉपीराइटच्या ओळींमध्ये, अमित काळे आणि लिनसिससॉफ्ट ही नावं आहेत. म्हणजे ‘हे तिकडच्या लोकांचं काम’ असं आपण म्हणतो, तेव्हा आपलंच नाव आपण वाचलेलं नसतं.

चौथी पायरी पॅच, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्यासोबतचं स्पष्टीकरण. दोन ओळींच्या दुरुस्तीला वीस ओळींचं स्पष्टीकरण असणं तिथे नेहमीचंच. काय बिघडत होतं, का बिघडत होतं, कोणत्या बदलामुळे, कसं तपासलं. खाली तुमची सही, ‘साइन्ड-ऑफ-बाय’. हे माझं काम आहे आणि द्यायचा मला हक्क आहे, असं त्या सहीचं वचन असतं.

मग प्रश्न येतात. ‘दुसऱ्या प्रोसेसरवर चालेल का?’, ‘हे कुलूप आधीच घेतलेलं असेल तर?’ कोणी तुटक लिहितं, कोणी दोन आठवडे उत्तरच देत नाही. रागावू नका. नम्रपणे आठवण करा, दुसरी आवृत्ती पाठवा, तिसरी पाठवा. डर्टी काऊ आठवा. पहिली दुरुस्ती मागे घ्यावी लागली. आणि २०१६ च्या दुरुस्तीतही मोठ्या आकाराच्या मेमरी पानांची एक फट राहिली होती, ती नोव्हेंबर २०१७ मध्ये उघड झाली. टॉर्व्हल्ड्सच्या कोडला प्रश्न विचारले जातात, तर आपल्या कोडला विचारले म्हणून काय बिघडलं?

दिघीत बसून हे जमतं का?

‘इथे धड नेट नाही आणि तू कर्नलचं सांगतेस’, हे मला घरच्यांनीही ऐकवलंय. खरं आहे ते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा कित्येक दिवस ना वीज ना रेंज. तेव्हा अडचण नाही असं म्हणणार नाही. पण बाकीच्या दिवसांचा हिशोब करूया.

कर्नलचं काम अजूनही साध्या मेलवर चालतं. पॅच म्हणजे मेलमध्ये लिहिलेला मजकूर, काही केबींचा. व्हिडिओ मीटिंग लागत नाही, रात्री दोनला कॉलवर बसावं लागत नाही. सुरुवातीला कर्नलचा पूर्ण इतिहास उतरवायला काही जीबी लागतात, तेवढं एकदा तालुक्याला किंवा चांगली रेंज असलेल्या ठिकाणी जाऊन करा. नंतर रोजचे बदल थोडेच असतात.

लॅपटॉप जुना आहे? त्यावरही वाट आहे. गूगलचं ‘सिझबॉट’ नावाचं यंत्र रात्रंदिवस कर्नलला वेड्यावाकड्या सूचना देऊन पाडत बसतं आणि प्रत्येक पाडापाडीचा अहवाल सगळ्यांना उघडा ठेवतं. बऱ्याच अहवालांसोबत बग पुन्हा घडवणारा छोटा प्रोग्रामही असतो. म्हणजे पहिली पायरी आयती. अशा बगवर तुम्ही पॅच लिहिला की सिझबॉटलाच मेल करून तपासायला सांगता येतं. ते त्यांच्या मशीनवर कर्नल बांधतं, चालवतं आणि निकाल मेलने कळवतं. लिनक्स फाउंडेशनचा बग दुरुस्तीचा मेंटॉरशिप कार्यक्रम आहे, शुआ खान यांच्या पुढाकाराने चालणारा. तिथेही नवखे लोक असेच बग घेऊन शिकतात.

सी भाषा मात्र यावी लागते. पॉइंटर, कुलपं, मेमरी कोण घेतो आणि कोण सोडतो, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. तीन कोटींहून जास्त ओळी आहेत, सगळ्या कोणालाच येत नाहीत. एक कोपरा धरा.

दुरुस्ती झाली, पण पोचली का?

आता ज्यांना कोड लिहायचाच नाही त्यांच्यासाठी. दिघीहून आगरदांड्याला फेरीबोट आहे, गाडीसकट थोड्या वेळात पलीकडे. बोट नसेल तर अख्ख्या खाडीला वळसा. समोरचा काठ दिसत असतो, पण दिवस जातो.

कर्नलमधल्या दुरुस्तीचं असंच होतं. मुख्य कर्नलमध्ये ती एका दिवसात आली तरी तुमच्या फोनपर्यंत यायला आधी स्थिर आवृत्ती, मग गूगलचा ॲन्ड्रॉइड कर्नल, मग चिप बनवणारी कंपनी, मग फोन बनवणारी कंपनी, आणि शेवटी तुमचं बोट ‘अपडेट’वर. प्रत्येक थांब्यावर उशीर.

डर्टी काऊ ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाला. त्यानंतर जवळपास वर्षाने, सप्टेंबर २०१७ मध्ये, ट्रेंड मायक्रोने ‘झेडएनआययू’ नावाचं मालवेअर जाहीर केलं. डर्टी काऊ वापरून ॲन्ड्रॉइड फोन ताब्यात घेणारं, १,२०० हून जास्त ॲपमध्ये लपलेलं. सापडलं ४० हून जास्त देशांत, आणि सर्वाधिक फोन कुठले? चीन आणि भारतातले. दुरुस्ती जगात होती, आपल्या खिशात नव्हती.

म्हणून तीन कामं. सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी पॅच’ची तारीख बघा. सहा-आठ महिने जुनी असेल तर अपडेट आलंय का ते तपासा. आलेलं अपडेट ‘रात्री करू’ म्हणत महिनाभर लोटू नका. आणि नवा फोन घेताना दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारता, तसंच सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार हेही विचारा. घरातल्या मोठ्यांचे फोन तर आवर्जून बघा. पेन्शनचं खातं त्याच फोनवर असतं.

आणि ज्यांना कोडमध्ये उतरायचंय त्यांनी पॅचची घाई करू नका. एक बग घ्या, तो स्वतःच्या मशीनवर घडवून दाखवा, नीट लिहून कळवा. दुसऱ्या कोणाचा पॅच चालवून बघितलात तर ‘टेस्टेड-बाय’ म्हणून तुमचं नाव त्या बदलासोबत कर्नलच्या इतिहासात राहतं. सुरुवात तिथून होते.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, मराठीतच पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि ते अपडेट आजच करा!