कठीण पाषाण आणि सूक्ष्म कंपने
(ऊद मेथा, दुबई येथील कौटुंबिक मेळाव्यातील व्याख्यान)



खडक आणि बर्फ फोडण्याच्या विषयावर डॉक्टरने का बोलावे, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु श्राव्यातीत कंपने, म्हणजे सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा होणारी व कानांना ऐकू न येणारी कंपने, आम्ही वैद्यकीय मंडळी छिन्नीसारखी वापरीत आलो आहोत. १९६७ साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांनी अशा कंप पावणाऱ्या सुईने मोतीबिंदू फोडून काढला. मूत्रपिंडातील मोठा खडाही पाठीतून दुर्बीण घालून याच रीतीने फोडता येतो. (येथील उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्यांना या खड्याची ओळख करून देणे नको!) खडा ठिसूळ, म्हणून तडकतो, भोवतालचा मऊ भाग लवतो आणि बहुतांशी बचावतो. शिवाय मूत्रपिंडात आम्हांस जोर लावता येत नाही, ही खरी गोष्ट.

नेमकी हीच अडचण मंगळावर यंत्र पाठविणाऱ्यांपुढे होती. आपल्या कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी २०१७ साली सुमारे तीन किलोमीटर खोलीचे विवर पूर्ण झाले. तेथे अवजड यंत्रसामग्री उभी करता आली. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तीन-अष्टमांश, आणि गाडी हलकी. गिरमिटावर भार द्यावा तर गाडीच वर उचलली जायची. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत योसेफ बार-कोहेन व सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास यावर तोड काढली. विजेने कंप पावणाऱ्या चकत्या आणि पहार यांच्यामध्ये त्यांनी एक सुटे वजन ठेवले. ते मागेपुढे उडत पहारीवर सेकंदाला शेकडो ठोके देते. आमच्या मते सारी युक्ती त्या सुट्या वजनात आहे. अशी पहार हाताने हलकेच धरली तरी खडकात उतरते.

बर्फाने मात्र परीक्षा पाहिली. अंटार्क्टिकातील विडा सरोवरावर २००५ साली या अवजाराने जेमतेम पावणेदोन मीटर मजल मारली. बर्फ फुटत होता. पण चुरा वर आणावयाचा कसा? तो वितळून पुन्हा गोठला की अवजार जागीच अडकते. म्हणून पुढील आवृत्तीत कंपनांना फिरण्याची जोड दिली गेली.

चुरा म्हटला की आम्हांस फुप्फुसे आठवतात. ग्रॅनाइट वा वालुकाश्म कोरडा फोडताना उडणारी सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत रुतते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. क्षयाचा धोकाही वाढवितो. १९४३ च्या डिसेंबरात मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेब धनबादच्या कोळसाखाणीत उतरले होते. खालची स्थिती वर बसून कळत नाही. अवजार कंपनाचे असो वा साधे, धूळ बसविते ती पाण्याची धार. आपल्या मुलांपैकी जे अभियंते होतील, त्यांनी नव्या यंत्राचा आराखडा पाहताना प्रथम पाण्याची नळी शोधावी.

आणि एक विनंती. आपल्या नात्यातले, गावचे कोणी येथे वा तिकडे दगडखाणीवर, क्रशरवर असतील व खोकला हटत नसेल, तर त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. आणि छातीचा फोटो दाखविताना ते काय काम करतात व किती वर्षे, हे आपण होऊन सांगावे. आम्ही डॉक्टर पुष्कळदा विचारीत नाही.