मसूरहून चवदार तळ्याकडे



२० मार्चला आम्ही मंडळी महाडला जातो. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतो, ओंजळीत पाणी घेतो. पण पोरांना आम्ही सांगतो, या तळ्याची वाट आपल्या साताऱ्यातनंच निघाली.

१९०१ साली लहानगा भिवा, भाऊ आणि भाच्यांसह मसूर स्टेशनावर उतरला. वडील गोरेगावला खजिनदार. दुष्काळी कामावर तिथं तलाव बांधला जात होता. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडं देऊन पोरांनी स्वतः गाडी हाकली. डबा भरलेला, पण पाणी कुणी दिलं नाही. उपाशीच झोपली. बाप तलावाच्या कामावर अन् लेकरं तहानलेली!

१९२४ ला महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं, ते कागदावर. १९२७ ला बाबासाहेब स्वतः ते पाणी प्याले, तेव्हा ठरावात जीव आला. त्यावर मार खावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

म्हणून विचारतो, शेजारच्या मातंग, चर्मकार भावाच्या घरी आपण पाणी पितो का? लेकीचं लग्न ठरवताना पोटजात विचारत नाही ना? याचं उत्तर घरी गेल्यावर द्या. मग महाडला चला.

जय भीम! नमो बुद्धाय!