माटवीसाठी रानात जाताना

कानात हेडफोन आहेत ना? मग चला, आज जरा रानात जाऊ.

गणपतीची सजावट म्हटलं की थर्माकोल, लायटिंग, कागदी फुलं असं डोळ्यासमोर येतं. पण आमच्या सिंधुदुर्गात आणि तिकडे गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. म्हणजे काय, तर लाकडी पट्ट्यांची एक चौकट छताला टांगायची आणि तिला नारळ, सुपारीची शिपटं, तोरिंजन, चिबूड आणि रानातून आणलेली फळं-फुलं बांधायची. गोव्याचं कला आणि संस्कृती खातं तर माटोळीची स्पर्धाच घेतं.

आता रानातलं काय? कवंडळ पाहिलंय का कधी? वेलीवर लोंबणारं लालभडक गोल फळ. दिसायला एकदम भारी, पण खायचं नाही हं! टांगलं की दिवसचे दिवस तसंच राहतं. कांगणीचे घोस, शेरवडाची ती पांढरी पानं, जी लांबून फुलंच वाटतात. आणि कळलावी. लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या वर वळलेल्या पाकळ्या. बांधायला सुतळी नको, केवणीची साल सोलली की झाला दोर.

मी गेली काही वर्षं पुण्याहून चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरी पोचायचो आणि सगळं बाजारातून उचलायचो. यंदा दोन दिवस आधी गेलो आणि काकांबरोबर रानात शिरलो. कळलावीची एक जागा त्यांना पक्की माहीत होती. गेलो तर तिथे नुसते खड्डे. कोणीतरी कंदासकट उपटून नेली होती. काका काही बोलले नाहीत. पुढे गडग्याला एकच वेल दिसली, तेव्हा मी हात घातला तर म्हणाले, "कंद काढू नको रे. फुडच्या वर्साक काय बांधतलस?"

यात साधं गणित आहे. तेरडा एका पावसाचा. बोंड फुटलं, बी उडालं की पुढच्या वर्षी परत हजर. कळलावीची वेल मात्र दरवर्षी जमिनीतल्या कंदातून उगवते. फुलं खुडली तर वेल राहते, कंद गेला की ती जागा गेली. शिवाय हा कंद भयंकर विषारी आहे, पोटात गेला तर जिवावर बेततं. घरात लहान मुलं असतील तर कळलावी आणूच नका, असं माझं स्पष्ट मत. माटवी तिच्यावाचून अडत नाही.

आम्ही कवंडळं घेतली तीही कोयत्याने देठासकट, आणि वेलीवर निम्मी ठेवून. देवराईत तर गेलोच नाही, तिथलं पानही आमच्याकडे कोणी आणत नाही. अभयारण्याची गोष्ट वेगळी. तिथून परवानगीशिवाय काही उचलणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, रीलसाठी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

यंदाची आमची माटवी जरा विरळ दिसली. फोटो टाकला तर मित्र म्हणाला, "बजेट कमी पडलं का?" विसर्जनानंतर नारळ सोलकढीत गेले. कवंडळाच्या बिया आईने सुपात वाळत घातल्यात. पावसाच्या तोंडावर त्या गडग्याशी टाकायच्या आहेत. रजा मिळाली तर मी जाईन, नाहीतर काका आहेतच.

तुमच्याकडे काय बांधतात, व्हॉइस नोट पाठवा. भेटू!