पाणी मारणारी बाई



परवा एका आईनं मला विचारलं, "मॅडम, पोरगी सिव्हिलला जायचं म्हणते. साइटवर उन्हातान्हात फिरण्यापेक्षा तुमच्यासारखी कॉलेजात शिकवायला लागली तर बरं, नाही का?" मला हसू आलं. मी कॉलेजात आले ती सावलीसाठी नव्हे, एका स्लॅबमुळे.

बी.ई. झाल्यावर मी एका साइटवर नोकरीला होते. स्लॅब टाकून चौथा दिवस होता. माणसं कमी, विटा चढवायच्या राहिलेल्या. म्हणून स्लॅबवर पाणी मारणाऱ्या दोघींना मी विटांच्या कामाला लावलं. त्यातली थोरली म्हणाली, "म्याडम, सिलॅब अजून तहानलाय." मी ऐकलं नाही. काम वेळेत झालं म्हणून शाबासकीही मिळाली. पहिल्या पावसात तो स्लॅब ठिबकला.

सिमेंट वाळून घट्ट होतं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. सिमेंट आणि पाणी यांची क्रिया होऊन ते घट्ट होतं, आणि ती क्रिया कित्येक दिवस चालते. म्हणून तर काँक्रीटची ताकद 28 दिवसांनी तपासतात. मधेच पाणी तोडलं की वरचा थर कच्चा राहतो, बारीक भेगा पडतात. हे मी परीक्षेत लिहून आले होते. त्या बाईला ते हातानं ठाऊक होतं.

पुढे मी एम.टेक.ला बांधकाम व्यवस्थापन घेतलं, मग पीएच.डी. केली. कुठलं काम कधी, कोणी, किती खर्चात करायचं याचे तक्ते हा आमचा विषय. मी पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांत खोदाईला ओळ होती, सळईला होती, प्लास्टरला होती. पाणी मारण्याला नव्हती. बिगारी बाईनं येताजाता करायचं काम, त्याला कसली ओळ!

आता पर्यावरणपूरक इमारतींचा बोलबाला आहे. त्याला कारणही तसंच आहे. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे 1450 अंशांवर भाजतात, तेव्हा इंधनाचा धूर होतोच, शिवाय त्या दगडातूनही कार्बन वायू सुटतो. म्हणून वीज केंद्रातली राख मिसळलेलं सिमेंट वापरतात. चांगलंच आहे ते. पण राखेचं सिमेंट सावकाश ताकद धरतं, त्याला पाणी जास्त दिवस लागतं. ते न मिळता घर लवकर खराब झालं, तर पुन्हा फोडा, पुन्हा सिमेंट आणा. मग वाचवलं काय?

माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या साइटभेटीत एकच काम देते: पाणी कोण मारतं ते शोधा, तिच्याशी बोला, तिचं काम तक्त्यात लिहा. तिचं मूल कुठं आहे तेही विचारा. 50 पेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथं 1996 च्या कायद्यानंच पाळणाघर सक्तीचं केलं होतं. पोरं हे विचारून आली की वर्गात जरा शांतता असते.

त्या आईला मी म्हटलं, "पोरीला शिकवायचं असेल तर जरूर शिकवू दे, पण आधी दोन वर्षं साइटवर जाऊ दे."

आणि तुमच्या घराचा स्लॅब पडणार असेल, तर सिमेंटची गोणी बघून ठेवा. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी हवं, कोरड्या उन्हाळ्यात 10. गोणीवर पीपीसी लिहिलं असेल तर 14 दिवस धरा. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. गवंडी "झालं आता" म्हणाला, तरी दिवस आपले आपण मोजा.