दुपारच्या पाळीतली मुलं

दोन पाळ्यांत भरणारी शाळा आपल्याला नवीन नाही. २०११ साली सीरियात यादवी पेटली आणि शेजारच्या लेबनॉनमधल्या कितीतरी सरकारी शाळांवर ही वेळ आली. सकाळची मुलं घरी गेली की त्याच बाकांवर सीरियातून जीव वाचवून आलेली मुलं येऊन बसायची.

लेबनॉन केवढा? आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान. तिथे एप्रिल २०१४ पर्यंत नोंदणी झालेले सीरियन निर्वासित १० लाखांवर गेले. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर या देशाची सहीसुद्धा नाही. तरी त्याने वर्ग उघडून दिले, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. फी, पुस्तकं, दुपारच्या शिक्षकांचं मानधन हा भार युनिसेफ, युरोपीय संघ आणि इतर मदतगार देशांनी मुख्यतः उचलला.

पण नाव पटावर चढलं म्हणजे काम झालं का? सीरियात गणित-विज्ञान अरबीतून शिकवतात; लेबनॉनमध्ये फ्रेंच किंवा इंग्रजीतून. अपूर्णांक चटकन सोडवणारी मुलगी फळ्यावरचं उदाहरणच वाचू शकत नाही. मग तिला खालच्या इयत्तेत, लहान पोरांत बसवायचं. हे अवघडलेपण आपल्याकडे मधूनच माध्यम बदललेल्यांना वेगळं सांगायला नको. त्यात आधीच्या शाळेचा दाखला मागणार. बॉम्ब पडत असताना दाखला कोण शोधत बसतं? शिवाय बसभाडं परवडत नाही, आणि लेबनॉनच्या बेका खोऱ्यात बटाट्याच्या शेतात मुलांनाही मजुरी मिळते. अशी मुलं एकदा गळली की परत आणणं फार कठीण.

फेब्रुवारी २०१६ मध्ये सीरियासाठी भरलेल्या लंडनच्या परिषदेत मदतगार देशांनी मोठा शब्द दिला: २०१६-१७ चं शालेय वर्ष संपेपर्यंत एकही निर्वासित मूल शाळेबाहेर राहणार नाही. तो पाळला गेला नाही. पुढे २०१९ पासून लेबनॉनची अर्थव्यवस्थाच कोसळली, शिक्षकांचा पगार मातीमोल झाला. जानेवारी २०२३ मध्ये ते संपावर गेले, तेव्हा दुपारची पाळीही काही काळ बंद पडली.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. मदत मिळते वर्षा-दोन वर्षांच्या हिशेबाने, आणि मुलाला शिकायला लागतात दहा-बारा वर्षं. म्हणून मदतगार देशांनी आधी शिक्षकांच्या पगाराची निदान पाच वर्षांची तरतूद करावी. पुढची परिषद मग खुशाल भरवावी.