निरोप जातो कसा?
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझी शाळा सातवीपर्यंतच झाली. तेव्हा ही संगणकावर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. पण हल्ली भिशीचे पैसेसुद्धा आपण फोनवरून पाठवतो, आणि कित्येकजणी गुप्त आकड्यासकट फोन दुसऱ्याच्या हाती देतात. म्हणून फोनमधला निरोप जातो कसा, हे मी समजून घेतले. तेच सांगते.

सोलापुरातून नागपूरच्या व्यापाऱ्याकडे चादरी पाठवायच्या तर त्यांचे गठ्ठे बांधतात. प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक घालतात. एक गाडी तुळजापूरकडून जाईल, दुसरी बार्शीकडून. तिकडे क्रमांक पाहून माल लावून घेतात. निरोपाचेही तसेच. पत्र असो की फोटो, यंत्र त्याचे लहान तुकडे करते. एका तुकड्यात मराठीची पाचशेच्या आतच अक्षरचिन्हे मावतात. प्रत्येक तुकड्यावर कोठून निघाला आणि कोठे जायचा, हे आकड्यांत असते. १९७२ साली आलेला पिनकोड पाहून टपालवाले थैली योग्य दिशेला लावतात, तसा वाटेवरची यंत्रे हा पत्ता वाचून तुकडा पुढे धाडतात.

तुकडा वाटेत हरवला तर? पोचलेल्या तुकड्यांची पोच परत येते. ती आली नाही की पाठवणारे यंत्र जवळच्या नकलेवरून तोच तुकडा पुन्हा पाठवते. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली ही रीत मांडली. आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले.

पैशांचा निरोप तर कुलूपबंद जातो. वाटेवरच्या यंत्रांना तो वाचता येत नाही. मग फसवणूक होते कशी? यंत्र पत्ता ओळखते, पण त्या पत्त्यावरचा माणूस भला की लबाड, हे त्याला कळत नाही. लबाड माणूस गोड बोलून आकडा आपल्याच हातून टाकवून घेतो. भगिनींनो, पैसे पाठवताना आकडा लागतो. पैसे घेताना तो कधीच लागत नाही. एवढे पक्के ध्यानात ठेवा. कोणी फसलीच, तर लाजून घरात बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा.

कपाटाची किल्ली आपण परक्याच्या हाती देत नाही. हा आकडाही तशीच किल्ली आहे. शेजारणीलाही हे सांगा, अशी विनंती करून मी माझे चार शब्द पुरे करते.