निराकारापुढे हात जोडताना

देवळाली प्रवरा येथे शिकवीत असता एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, मूर्तीच नसेल तर हात कोणापुढे जोडावयाचे?” मी निरुत्तर झालो.

यहुदी धर्मात देवाची प्रतिमा निषिद्ध. तथापि त्यांच्याच धर्मग्रंथांत देवाच्या हाताचा उल्लेख येतो! इ. स. १२०४ मध्ये निवर्तलेले पंडित मैमोनिडीज म्हणतात, हे रूपक होय. देव कसा नाही, एवढेच सांगता येते. आपले ‘नेति नेति’च म्हणा ना! परंतु एवढ्याने भाविकाचे समाधान व्हावे कसे?

कोकणातील बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जात. हिब्रू भाषा ते बहुतेक विसरले; देवाचे एकत्व सांगणारी ‘शेमा’ प्रार्थना मात्र विसरले नाहीत. इ. स. १८८० च्या सुमारास तर त्यांनी अब्राहामादिकांची आख्याने मराठी कीर्तनांत गाइली. समोर मूर्ती नव्हती, कीर्तन होते. त्या मुलाला हे सांगावयाचे राहून गेले.